घोडनदी आणि दौंड : दोन थांब्यांची गोष्ट

शहरांच्या चढाओढीविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा नावे बहुधा ठरलेली असतात : मुंबई आणि पुणे, पुणे आणि नागपूर, कोल्हापूर आणि सांगली. तालुक्याच्या गावांनाही अशा जोड्या असतात. पण त्यांच्याविषयीचे बोलणे एस.टी.च्या बाकावर सुरू होते आणि गाडी फलाटाला लागली की संपते. वास्तविक लहान गावांची तुलना अधिक बोधप्रद ठरावी. मोठ्या शहराच्या वाढीमागे इतकी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात की त्यातले कोणते कारण किती वजनाचे हे सांगणे अवघड होते. लहान गाव मात्र एखाद्याच रस्त्यावर किंवा एखाद्याच रुळावर उभे राहिलेले असते, आणि तो रस्ता किंवा रूळ जरा सरकला की काय होते हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

प्रस्तुत लेखात आम्ही अशीच एक जोडी घेत आहोत : पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड.

नकाशा समोर ठेवला तर या दोन गावांतील साम्य प्रथम नजरेत भरते. दोन्ही गावे जिल्ह्याच्या पूर्व कडेला, दोन्ही तालुक्याची ठिकाणे, दोन्ही नदीकाठी, आणि दोन्हींच्या नदीपलीकडे नगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर). शिरूर घोड नदीवर आहे, इतके की जुन्या पिढीच्या तोंडी गावाचे नाव आजही ‘घोडनदी’ असेच येते. दौंड भीमेवर आहे. घोड पुढे भीमेला मिळते आणि शिरूरजवळून गेलेले पाणी दौंडवरून उजनीत जाते. पावसाळ्यात वर्तमानपत्रे ‘दौंड येथील विसर्ग’ छापतात, त्यात घोडेचाही वाटा असतो.

साम्य येथे संपते. शिरूरमधून पुणे–नगर रस्ता गेला, पण रेल्वे कधी आली नाही. दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन झाले, पण पुणे–सोलापूर हमरस्ता गावाला न शिवता पाटस–कुरकुंभ असा दक्षिणेकडून निघून गेला. एकाला सडक मिळाली, दुसऱ्याला रूळ. जिल्हा एक, हवामान एक, पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेती एक, पुण्यापासूनचे अंतर जवळपास सारखे. फरक फक्त वाहतुकीच्या साधनाचा. इतिहासाने आपणहून मांडून ठेवलेला असा प्रयोग सहसा सापडत नाही.

आरंभ शिरूरपासून करू, कारण ते वयाने वडील आहे. अर्थात गाव म्हणून नव्हे. गावे दोन्ही जुनीच. परंतु ‘पेठ’ म्हणून शिरूर आधी उभे राहिले, आणि ते लष्करामुळे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली. तिचा तळ शिरूरला पडला. पुण्यावर नजर ठेवता यावी आणि नगरच्या किल्ल्याशी संबंध राहावा, अशी ही मधली जागा होती. फौजेमागे बाजार आला : दाणावैरणीचे व्यापारी, शिंपी, चांभार, लोहार, सराफ, मद्याचे दुकानदार. ‘कँप’च्या आश्रयाने उभी राहिलेली वस्ती हा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या नागरी इतिहासाचा एक ठळक प्रकार आहे, आणि शिरूर त्याचे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणावे लागेल.

या छावणीची एक आठवण विलक्षण आहे. येथील फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक नैवेद्य दाखवीत, नवस बोलत आणि त्याला ‘सत्पुरुष’ मानीत, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. परका सेनाधिकारी गावदेवतांच्या रांगेत जाऊन बसावा, यातून छावणी आणि गाव एकमेकांत किती मिसळले होते याची कल्पना येते.

पुढची घटना सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातील रस्त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याच्या मदतीस निघाली. रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोरेगावला भीमेकाठी पोहोचली, आणि १ जानेवारी १८१८ ची प्रसिद्ध लढाई तेथे झाली. लढाईनंतर तुकडी परतली तीही शिरूरलाच. म्हणजे कोरेगावची लढाई ज्या वाटेवर झाली ती शिरूर–पुणे वाटच होती. एका रात्रीच्या कूचाचे अंतर हे या वाटेचे माप होते आणि शिरूर हे त्या मापाचे टोक होते. पेशवाई गेल्यानंतरही पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे दीर्घकाळ शिरूरला राहिले. १८६८ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. 

तेव्हा १८७० च्या सुमारास शिरूरच्या पेठेचे चित्र असे डोळ्यांसमोर आणता येते. पुण्याहून नगरकडे आणि त्यापुढे औरंगाबादकडे जाणारा मार्ग गावातून जातो. बैलगाड्यांचे तांडे येथे मुक्काम करतात. बैलांना पाणी नदीवर, वैरण पेठेत. गुजर-मारवाडी पेढ्या मुक्कामी गाडीवानाला उचल देतात आणि आसपासच्या कुणब्यालाही. या पेढ्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७५ चे दख्खनचे दंगे ज्या टापूत झाले त्यात शिरूर तालुका अग्रभागी होता; तालुक्यातील कर्डे गावी सावकार आणि देशमुख यांच्यातील हुकूमनाम्याच्या वादातून सावकारांवरच्या बहिष्काराला सुरुवात झाली, असे या दंग्यांच्या इतिहासात सांगितले जाते. पेठेची भरभराट आणि भोवतालच्या खेड्यांची कर्जे या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या होत्या.

आता दौंडकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५८ मध्ये पुण्यास पोहोचली आणि १८६० पर्यंत तिचे रूळ भीमेच्या खोऱ्यातून सोलापूरला गेले. १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडील रेल्वेशी सांधा जुळला. या लांब मार्गावर ‘धोंड’ (इंग्रजांनी दौंडचे केलेले रूप) हे अनेक स्टेशनांपैकी एक होते. त्याचे भाग्य पालटले ते १८७८ मध्ये, धोंड–मनमाड मार्गाने.

हा मार्ग कशासाठी बांधला गेला ते नीट पाहिले पाहिजे. कंपनीच्या दोन मोठ्या शाखा कल्याणला फुटत होत्या. एक थळ घाट चढून नाशिक–मनमाड–भुसावळ अशी उत्तर हिंदुस्थानाकडे जाई, दुसरी बोरघाट चढून पुणे–सोलापूर–मद्रास अशी दक्षिणेकडे. उत्तरेतून दक्षिणेत जाणारा माल आधी एक घाट उतरून कल्याणला यायचा आणि मग दुसरा घाट चढायचा. दोन्ही घाट वाचवायचे तर पठारावरच दोन शाखा जोडणे हाच उपाय होता, आणि ती जोडणी म्हणजे धोंड–मनमाड. १८७६–७८ चा भीषण दुष्काळ त्याच वेळी पडला होता, त्यामुळे या मार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून उपाशी माणसांच्या हातून झाले. ज्या शेतकऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यांच्याच भोवतालच्या मुलखातील माणसे आता रुळांसाठी भराव घालीत होती.

या मार्गाचा हेतू त्याच्या आखणीतच दिसतो. सोलापूरकडून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडवरून सरळ निघून जाई. पुण्याकडून नगरला जाणाऱ्या गाडीला मात्र दौंडला आल्यावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि ती जणू आल्या वाटेने मागे फिरून मग उत्तरेला वळे. पुण्याहून रेल्वेने नगरला जायचे तर अंतर सुमारे १६० किलोमीटर, सडकेने शिरूरवरून सुमारे १२०. रुळांची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुणे–नगर हा प्रवास नव्हताच. दिल्ली–मद्रास यांच्यामधला एक सांधा त्यांना हवा होता, आणि तो सांधा योगायोगाने दौंडला पडला.

तरीही परिणाम शिरूरवर झाला. चाळीस किलोमीटरचा वळसा माणसाला नकोसा वाटतो, मालाला वाटत नाही. नगरचे धान्य, कापूस, गूळ आता बैलगाडीने घोडनदीच्या मुक्कामावरून पुण्याला जाण्याचे कारण उरले नाही. नगर स्टेशनात माल भरला की तो थेट मुंबई बंदरापर्यंत जाई. शिरूरमधली गाड्यांची वर्दळ ओसरली. पूर्वी जी मिळकत वैरणवाला, गाडीवान आणि पेढीवाला यांच्यात वाटली जाई ती आता दौंडच्या मालधक्क्यावर, म्हणजे प्रामुख्याने रेल्वे कंपनीकडे, जमा होऊ लागली. शिरूर आणि दौंड यांच्यातील चढाओढीचा पहिला डाव येथे झाला, आणि दोन्ही गावांना त्याची पूर्वकल्पना कोणी दिली नव्हती.

दौंडचा गाभा त्यानंतर ज्या रीतीने घडला तीही पाहण्यासारखी आहे. पाण्याचे हौद, कोळशाचे ढीग, इंजिनांची शेड, गार्ड-ड्रायव्हरांची विश्रांतिगृहे, रेल्वेचे बंगले आणि चाळी. त्यांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोवेकर व तमिळ-तेलुगू कर्मचारी, उत्तरेकडील खलाशी, आणि भोवतालच्या भीमथडीतले गँगमन. चर्च, शाळा, क्लब. मराठी मुलखाच्या मधोमध, आसपासची खेडी ज्वारी-बाजरीवर जगत असताना, दौंडमध्ये नाताळचा केक भाजला जात होता. १९१४ मध्ये दौंड–बारामती ही अरुंद मापाची शाखा सुरू झाली, पुढे तीही रुंद मापाची झाली. वाफेच्या इंजिनांची शेवटची वर्षे पाहायला देशोदेशींचे हौशी लोक ज्या ठिकाणी येत, त्यांत दौंडही होते.

रेल्वेने माणसे दौंडच्या परिसरात कशी आणली याचे सर्वात हृद्य उदाहरण मात्र दौंड गावातले नाही. ते याच मार्गावरच्या केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी आपले ‘मुक्ती सदन’ केडगावला उभारले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी अनाथ मुली व विधवा आणल्या, त्या रेल्वेने. स्टेशनाजवळ जमीन नसती तर शेकडो निराश्रित स्त्रियांना इतक्या दुरून आणणे केवळ अशक्य होते. मालासाठी टाकलेल्या रुळांचा असाही उपयोग एका बाईने करून घेतला.

दुसरा डाव विसाव्या शतकात झाला, आणि तो शिरूरने जिंकला. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, ‘सर्व्हिस मोटार’ हा शब्द मराठीत रुळला. रेल्वेला समांतर सडकांवर या मोटारी प्रवासी पळवू लागल्या तेव्हा रेल्वे कंपन्यांनी ओरड केली आणि १९३३ मध्ये मिचेल–कर्कनेस अहवालाने या स्पर्धेची सरकारी नोंद घेतली. पुणे–नगर सडक तर समांतरही नव्हती. ती रेल्वेपेक्षा चाळीस किलोमीटरने सरळ होती. तेथे मोटारीला प्रतिस्पर्धी नव्हताच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली, आणि १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली गाडी, एक बेडफर्ड बस, पुणे–नगर मार्गावर धावली. महाराष्ट्रात एस.टी.चा वर्धापन दिन आजही १ जूनलाच साजरा होतो. या मार्गाची निवड का झाली याची कारणे अनेक असतील. परंतु आमच्या मते त्यातले एक १८७८ सालापर्यंत मागे जाते. जिल्ह्याची दोन मोठी ठिकाणे, मध्ये सपाट पठार, रहदारी जुनी, आणि रेल्वे असूनही नसल्यासारखी. ज्या आखणीने शिरूरचा माल हिरावला त्याच आखणीने शिरूरला प्रवासी परत मिळवून दिले.

एस.टी.ने शिरूरचा गाभाच हलवला. छावणीच्या काळातली पेठ नदीकडे तोंड करून होती, आता दुकानांची तोंडे स्टँडकडे वळली. चहाची हॉटेले, फळांच्या गाड्या, वर्तमानपत्रांचे विक्रेते, दवाखाने, शिकवण्या, वकिलांच्या पाट्या, सगळे स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरात. पारनेर-श्रीगोंद्याकडची माणसे जिल्हा ओलांडून घोडनदीच्या बाजाराला येऊ लागली. एस.टी. स्टँडभोवती वाढलेले गाव आणि रेल्वे स्टेशनभोवती वाढलेले गाव यांत एक मूलभूत फरक आहे. स्टँडवर दर थोड्या वेळाने गाडी लागते आणि माणसे दिवसभर सांडत राहतात. त्यामुळे बाजार दिवसभर चालतो. स्टेशनावर माणसे गाडीच्या वेळेला लाटेसारखी येतात आणि लाट ओसरली की रस्ता मोकळा होतो. दौंडच्या पेठेला म्हणूनच वेळापत्रक आहे आणि शिरूरच्या पेठेला वार आहे.

आणखी एक फरक अधिक खोल आहे. सडक गावाला जोडते, रूळ गावाला कापतात. शिरूरमध्ये रस्त्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला सहज जातो (निदान जात असे). दौंडमध्ये रुळांच्या पलीकडे जायचे म्हणजे ‘मोरी’तून जावे लागते. कुरकुंभ मोरी हे नाव दौंडकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही : रुळांखालची अरुंद वाट, पावसाळ्यात साचणारे पाणी, समोरासमोर अडकलेल्या गाड्या, आणि रुंदीकरणाची वर्षानुवर्षे चाललेली मागणी. देशाच्या चारी दिशांना गाड्या पाठवणाऱ्या गावात एका भागातून दुसऱ्या भागात जाणे हे सर्वात अवघड काम असावे, यातली विसंगती कडवट आहे. दूरच्या प्रवासासाठी बांधलेल्या गोष्टीत जवळच्या प्रवासाचा विचार कोणी केला नव्हता, आणि पुढेही तो करण्याचे काम नेमके कोणाचे हे ठरले नाही. नगरपालिका रेल्वेकडे बोट दाखवी आणि रेल्वे मंजुरीकडे.

तिसरा डाव गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला. रांजणगावला औद्योगिक वसाहत आली, ती शिरूर तालुक्यात. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आली, ती दौंड तालुक्यात. दोन्ही वसाहती हमरस्त्यावर आहेत, आणि दोन्ही तालुक्याच्या गावापासून काही अंतरावर. रांजणगावला अष्टविनायकांतील महागणपती आहे, त्यामुळे तेथे रहदारी पूर्वीपासून होती. कारखान्यांमुळे शिरूरला भाडेकरू, खानावळी आणि नव्या सोसायट्या लाभल्या. दौंडला कुरकुंभचा लाभ त्या मानाने कमी झाला, कारण कारखान्यांचा माल ट्रकने येतो आणि ट्रकला दौंडच्या जंक्शनचे काही काम नसते. दौंडचा आधार राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट, नानवीजचे प्रशिक्षण केंद्र आणि रेल्वेची नोकरी, म्हणजे पगारदारांचा बाजार, हाच राहिला. शिरूरची छावणी उठून गेली आणि शतकानंतर गणवेशातली माणसे दौंडला मुक्कामास आली, हाही एक खेळच म्हणायचा. एवढे असूनही २०११ च्या जनगणनेत दौंड शहर शिरूरपेक्षा मोठेच भरले. तेव्हा कोण जिंकले याचा हिशेब इतका सोपा नाही.

आमच्या मते हा हिशेब मांडण्याची रीतच चुकते. ‘रेल्वे आली की विकास होतो’ किंवा ‘हमरस्ता आला की गाव सुधारते’ ही वाक्ये सभांत हमखास टाळ्या घेतात. परंतु या दोन गावांचा दोनशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. रूळ असोत वा सडक, गाव त्यांच्या जवळ असण्याने घडले नाही. त्यांवरची वाहतूक तेथे थांबत होती म्हणून घडले. रात्रभर कूच केलेल्या फौजेला तळ हवा होता, बैलांना पाणी हवे होते, इंजिनाला कोळसा आणि पाणी हवे होते, नगरच्या गाडीला इंजिन फिरवायचे होते, एस.टी.च्या वाहकाला चहा हवा होता. प्रत्येक वेळी थांबण्याची एक गरज होती आणि त्या गरजेभोवती पेठ उभी राहिली. प्रवाशाच्या दृष्टीने जो खोळंबा तोच गावाच्या दृष्टीने पोटाचा आधार.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये स्विंडन येथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० च्या दशकात उपाहारगृहाच्या मालकाशी करार केला होता की येथे प्रत्येक गाडी दहा मिनिटे थांबेल. प्रवासी त्या दहा मिनिटांना आणि तिथल्या कॉफीला शिव्या देत राहिले, पण करार काही सुटेना. शेवटी १८९५ मध्ये कंपनीने एक लाख पौंड मोजून त्यातून सुटका करून घेतली. दहा मिनिटांच्या थांब्याची किंमत रोख रकमेत ठरल्याचे हे उदाहरण लक्षात ठेवावे असे आहे. शिरूर आणि दौंड यांच्या थांब्यांची किंमत मात्र कोणी मोजली नाही, आणि ते थांबे गेले तेव्हा कोणाला काही द्यावेही लागले नाही.

कारण दोन्ही थांबे गेले, किंवा जात आहेत. शिरूरला बाह्यवळण झाले. नगर–पुणे धावणाऱ्या खासगी मोटारी आता गाव उजव्या-डाव्या हाताला ठेवून निघून जातात. बाह्यवळण हवेच होते. गावातल्या रस्त्यावर होणारी कोंडी आणि अपघात यांची बाजू कोणी घेणार नाही. पण जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याच्या गल्ल्याला त्याचा अर्थ दुसरा होता. दौंडला, पुणे–मनमाड गाड्यांना इंजिन फिरवावे लागू नये म्हणून गावाबाहेरून जोडमार्ग टाकला गेला, आणि ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचे वेगळे स्टेशन झाले. १८७८ मध्ये आखणीत राहिलेली त्रुटी सुमारे एकशे चाळीस वर्षांनी दुरुस्त झाली. गाड्यांचा वेळ वाचला. पण ज्या गाड्या पूर्वी दौंडच्या फलाटावर वीस-पंचवीस मिनिटे उभ्या राहत, त्यांतल्या काही आता मूळ स्टेशनात येतच नाहीत. त्यांना गाठायचे तर रात्री-अपरात्री गावाबाहेरच्या स्टेशनावर रिक्षाने जावे लागते. सडकेला बाह्यवळण आणि रुळांनाही बाह्यवळण. दोन प्रतिस्पर्धी गावे अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन उभी राहिली.

तो प्रश्न असा की, दूरच्या प्रवाशाने थांबणे सोडले तर जवळच्या प्रवाशाचे काय? कारण शिरूरला आणि दौंडला रोज थांबणारे लोक अजून आहेतच. ते म्हणजे तालुक्यातल्या खेड्यांतून महाविद्यालयात येणारी मुले, तहसील कचेरीत हेलपाटे घालणारे म्हातारे, पुण्याला नोकरीस जाऊन रात्री परतणारे कामगार. त्यांच्या गाड्यांची हकीकत मात्र सांगण्यासारखी नाही. दौंड पुणे जिल्ह्यात, पण रेल्वेच्या कारभारात दीर्घकाळ सोलापूर विभागात. ते पुणे विभागात आले २०२४ मध्ये. पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर मार्च २०१७ मध्ये लोकलऐवजी ‘डेमू’ सुरू झाली, म्हणजे विजेच्या तारांखालून डिझेलची गाडी. पुढे मेमू आली. मात्र या मार्गाला उपनगरी दर्जा मिळावा ही रोज ये-जा करणाऱ्यांची मागणी जुनी आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद झाल्या तेव्हा रुळांवर जगणाऱ्या दौंडचा श्वास कोंडला. २०२१–२२ च्या संपात एस.टी. कित्येक महिने थांबली तेव्हा शिरूरच्या खेड्यांतल्या मुलींच्या शाळा-महाविद्यालयांवर पहिला घाला पडला. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. परंतु ज्या वाडीवर गाडीच जात नाही तिथे अर्ध्या तिकिटाचे काय करणार?

आणि आता पुणे–शिरूर उन्नत मार्गाच्या घोषणा झाल्या आहेत. शिरूरवरून थेट पुणे–नगर रेल्वे व्हावी ही मागणीही पुनःपुन्हा वर येते. दोन्ही गोष्टी झाल्या तर वाईट असे आम्ही म्हणणार नाही. पण वाघोली ते शिक्रापूर या पट्ट्यातल्या कोंडीवरून उडून जाणारा रस्ता कोणासाठी आहे, हे आखणीतच पाहून घ्यायला हवे; १८७८ चा धडा तोच आहे. आखणी ज्याला डोळ्यांसमोर ठेवून होते त्याचा प्रवास सुखाचा होतो, बाकीच्यांना तिच्या कडेने आपापली वाट काढावी लागते. नवा पूल शिरूरला कोठे उतरेल, स्टँडपाशी की बाह्यवळणापाशी, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा गाव ठरेल. रेल्वे आली तर स्टेशन पेठेपासून किती दूर असेल, आणि रूळ गाव कापणार असतील तर मोऱ्या किती रुंद असतील, हे दौंडला जाऊन विचारण्यासारखे प्रश्न आहेत. तेथे दीड शतकाचा अनुभव मोफत मिळेल.

शेवटी एक गोष्ट. ज्या दोन गावांची आम्ही येथे तुलना केली, त्यांची एकमेकांशी गाठ फारशी कधी पडलीच नाही. शिरूरची वाट पुण्याकडे आणि नगरकडे, दौंडची पुणे, सोलापूर आणि मनमाडकडे. शिरूरहून दौंडला जायचे तर न्हावरे, मग भीमेवरचा पूल, मग केडगाव किंवा चौफुला असे टप्पे जोडीत जावे लागते. नवे रस्ते आणि रूळ पुण्याच्या दिशेने मोजले जातात, पुण्याच्या गरजेने रुंद होतात. एका तालुक्याने दुसऱ्या तालुक्याला भेटावे असा विचार त्यांत नसतो. शिरूरच्या कांद्याला दौंडचा मालधक्का आणि दौंडच्या मुलाला रांजणगावची नोकरी, अशी देवाणघेवाण होऊ शकली असती. तिच्यासाठी लागणाऱ्या साध्या, वेळेवर धावणाऱ्या एस.टी.चा प्रश्न कधी कोणाच्या जाहीरनाम्यात आला नाही.

घोड आणि भीमा यांनी मात्र तो प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्या पुण्याला विचारायला जात नाहीत. आपापल्या उताराने वाहतात आणि पठारावर एकमेकींना भेटतात.